मॅग्नेशियम आधी, मग अल्क, मग कॅल्शियम: प्रवाळाच्या टाकीचा हिशेब

न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या घराच्या तळघरात प्रवाळाची टाकी आहे. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात, आणि खर्च झालेलं आपल्याला परत घालत राहावं लागतं. काच ३०० लिटरची. दगड आणि वाळूने अडवलेली जागा वजा केली, खालच्या सम्पमधलं, म्हणजे टाकीला जोडलेल्या हौदातलं, पाणी मिळवलं, की प्रत्यक्ष पाणी २६० लिटर भरतं. तुमच्या टाकीचा हा खरा आकडा आधी काढून ठेवा, कारण पुढचे सगळे ग्रॅम आणि मिली त्यावरच ठरतात. नवी टाकी भरत असाल तर मापाच्या बादलीने भरा आणि बादल्या मोजा. मी मोजल्या होत्या, म्हणून आज नेमकं सांगू शकते.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप, आम्ही सगळे जिला नुसतं 'अल्क' म्हणतो ती, रोज सकाळी ७ डीकेएच (हे तिचं एकक) भरायची. मला ८.५ हवी होती. मी खायचा सोडा पाण्यात विरघळवून घालायचे. रात्री ८.५ दिसायची, सकाळी परत ७. प्रवाळ जोरात वाढतायत असं मी समजले आणि सोडा वाढवला, जोडीला कॅल्शियमही. आठवड्याने मुलगी म्हणाली, "आई, हीटरला काय लागलंय बघ." हीटर बाहेर काढला तर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा खरखरीत थर. नखाने निघेना. वाळूत बोट खुपसलं तर वरची वाळू एकसंध झालेली, बोटभर जाडीचा तुकडाच हातात आला. मी घालत होते ते प्रवाळांच्या सांगाड्यात जातच नव्हतं, हीटरवर आणि वाळूत बसत होतं.

त्या रात्री पाच महिन्यांनी पहिल्यांदा मॅग्नेशियम मोजलं. १०८० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०८० भाग. फारच कमी. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी खारटपणा, मग मॅग्नेशियम, मग अल्क आणि शेवटी कॅल्शियम. का, ते सांगते.

मॅग्नेशियम काय करतं

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं की दोघांनी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसायला हवं. ते सहजासहजी बसत नाही, याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. कार्बोनेटचा कण धरायला लागला की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि स्फटिकाची पुढची वाढ अडवतात. गुलाबजामच्या पाकात चार थेंब लिंबू पिळलं की पाक साखरत नाही. तिथली रसायनं वेगळी, पण काम याच जातीचं. मॅग्नेशियम कमी पडलं की पाणी 'साखरायला' लागतं, आणि सगळ्यात आधी जिथे गरम असतं तिथे, म्हणजे हीटरवर आणि पंपाच्या रोटरवर.

म्हणून अल्क टिकत नाही असं दिसलं की सोड्याच्या डब्याला हात लावायच्या आधी मॅग्नेशियम मोजा.

३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) खारटपणाच्या नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्क ७ डीकेएचच्या जवळ असते. टाकीत कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १४०० आणि अल्क ७ ते ९ यांत कुठेही प्रवाळ सुखाने राहतात. मी ४३०, १३५० आणि ८ धरते. तुम्ही ७.५ धरलीत तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते आज ७, उद्या ९, परवा पुन्हा ७ असं झालं की.

खारटपणा चुकला तर सगळंच चुकतं

माझ्या १०८० मधला अर्ध्याहून जास्त खड्डा मॅग्नेशियमचा नव्हताच. माझा रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) मी आरओच्या पाण्याने शून्यावर लावायचे आणि निश्चिंत व्हायचे. ३५ पीपीटीचं तयार द्रावण आणून तपासलं तेव्हा कळलं की मी ३५ वाचत होते तेव्हा टाकीत ३१ होतं. पाणीच पातळ, म्हणून त्यातलं सगळंच कमी. त्रैराशिक मांडा: १०८० गुणिले ३५ भागिले ३१, म्हणजे साधारण १२२०. नुसता खारटपणा जागेवर आणला तरी मॅग्नेशियम १२२० वर येणार होतं. हे न बघता मी १०८० वरून सरळ १३५० चा हिशेब करून पावडर ओतली असती तर पुढे खारटपणा वाढवल्यावर ते १५०० च्या वर गेलं असतं.

तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणानेच लावा, दर महिन्याला. खारटपणा कमी निघाला तर बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी काही दिवस साध्या पाण्याऐवजी खारं पाणी घाला. मला चार पीपीटी चढवायला दहा दिवस लागले, आणि तेवढे लागू द्यावेत.

मोजणं

रत्नागिरीला बीएस्सीला असताना आम्ही विहिरीच्या पाण्याचा दुष्फेनपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, ईडीटीए या रसायनाने मोजायचो. फ्लास्कमध्ये पाणी, अमोनियाचं बफर, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा सूचक. रंग कोकमाच्या सरबतासारखा लाल. ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडत राहायचं, फ्लास्क हलवत राहायचं. लाल जाऊन जांभळा होतो तिथे थांबायचा मोह होतो, पण तो शेवट नाही. आणखी दोन-तीन थेंबांनी जांभळ्यातला लालसरपणा पूर्ण जातो आणि स्वच्छ निळा उरतो, तो शेवट. बाजारातल्या थेंबांच्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बऱ्याच किटमध्ये हेच तत्त्व आहे. जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येतो, आणि कमी आला म्हणून तुम्ही नको तेवढी पावडर घालता. कुपीमागे पांढरा कागद धरा, दिवसाच्या उजेडात किंवा पांढऱ्या दिव्याखाली बघा. टाकीच्या निळ्या दिव्याखाली हा रंग कधीही वाचू नका.

अल्कची किट बरोबर आहे का हे घरी तपासता येतं. १० लिटर डिस्टिल्ड पाण्यात बरोबर ३ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. त्याची अल्क १० डीकेएच भरायला हवी. किटने ९.२ दाखवली तर किट ०.८ ने कमी वाचते हे डब्यावरच लिहून ठेवा. नवी किट उघडली की हे मी दर वेळी करते. १० लिटर पाणी वाया जातं असं वाटत असेल तर १ लिटरमध्ये ३ ग्रॅम घालून त्यातलं १०० मिली घ्या आणि १ लिटर करा.

अल्क रोज एकाच वेळी मोजा. माझी वेळ संध्याकाळी ७ ची, डोसच्या आधी. कॅल्शियम आठवड्याला एकदा, मॅग्नेशियम महिन्यातून एकदा पुरे.

रोजचा खप काढा

टाकीत आज किती आहे यापेक्षा रोज किती खर्च होतं हे कळणं जास्त कामाचं. तीन संध्याकाळी काहीही घालू नका, फक्त मोजा. माझ्याकडे सोमवारी ८.४, मंगळवारी ७.८, बुधवारी ७.२ आली. रोजचा खप ०.६ डीकेएच.

कॅल्शियमचा खप वेगळा काढायची गरज नाही. प्रवाळ सांगाडा बांधतात तो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे प्रमाण ठरलेलं आहे: १ डीकेएच अल्क खर्च झाली की कॅल्शियम ७ पीपीएम खर्च होतं. ०.६ ला साधारण ४.३ पीपीएम. तीन दिवसांत १३. बहुतेक किटमध्ये एवढा फरक मोजणाऱ्याच्या हाताच्या चुकीत बुडून जातो. म्हणून रोजची नाडी अल्कची बघायची आणि कॅल्शियम तिच्या मागोमाग चालवायचं. मॅग्नेशियमही थोडं सांगाड्यात जातं, पण कॅल्शियमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी.

नुसते मासे किंवा मऊ प्रवाळ असतील तर हा खप इतका कमी असतो की चांगल्या मिठाने दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं. त्यांनी पुढे सांगितलेल्या बाटल्यांच्या भानगडीत पडू नये.

दोन बाटल्या

पहिली बाटली: १ लिटर आरओ पाण्यात ८० ग्रॅम खायचा सोडा. दुसरी: १ लिटर आरओ पाण्यात ७० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी धरलेलं. ही वजनं अशी धरली आहेत की दोन्ही बाटल्यांतून सारखेच मिली घातले की अल्क आणि कॅल्शियम प्रवाळ वापरतात त्याच प्रमाणात पडतात. १०० लिटर पाण्यात दोन्हींचे ३७.५ मिली घातले की अल्क १ डीकेएच आणि कॅल्शियम ७ पीपीएम चढतं. माझ्या २६० लिटरला १ डीकेएचसाठी ९७.५ मिली लागतात, म्हणून ०.६ च्या खपाला रोज ५८ मिली, दोन्ही बाटल्यांतून.

डायहायड्रेट आहे की निर्जल हे डब्यावर बघून घ्या. निर्जल असेल तर ७० ऐवजी ५३ ग्रॅम. सोडा विरघळायला वेळ घेतो, ढवळत राहा, पाणी उकळू नका. कॅल्शियम क्लोराइड उलट आहे: पाण्यात पडताच उष्णता सुटते, भांडं हाताला गरम लागतं. पाणी आधी घ्या, पावडर त्यात थोडी थोडी घाला, डोळ्यांना चष्मा लावा. आणि बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. फक्त सोडा.

इथे हिवाळ्यात दारातलं बर्फ वितळवायला कॅल्शियम क्लोराइडच्या आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या पिशव्या मिळतात. स्वस्त पडतात म्हणून काही जण त्या टाकीला वापरतात. मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये असं मला मनापासून वाटतं. आत आणखी काय मिसळलंय ते पिशवीवर लिहिलेलं नसतं. खाद्य दर्जाचं घ्या, महिन्याला फार फरक पडत नाही.

दोन्ही बाटल्या एका वेळी, एका जागी कधीही ओतू नका. दोन्ही धारा भेटल्या की पाण्यात दुधासारखा ढग उठतो आणि घातलेलं सगळं कार्बोनेट होऊन वाया जातं. सम्पमध्ये जिथे पाणी जोरात वाहतं तिथे खायच्या सोड्याची बाटली रात्री आणि कॅल्शियमची दिवसा घाला. डोसिंग पंप असेल तर दिवसभरात बारा-बारा हप्ते करा आणि दोघांत निदान अर्धा तास ठेवा. या पद्धतीत साधं मीठही हळूहळू साठत जातं, म्हणून खारटपणावर लक्ष ठेवा.

चुन्याची निवळी

काल्कवासर हा जर्मन शब्द मी इथे पहिल्यांदा ऐकला आणि कृती वाचल्यावर लक्षात आलं की ही तर चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवायचा, झाकून ठेवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी अलगद काढायचं. आमच्या मालवणकडे शिंपले भाजून चुना करायचे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. भट्टीत त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो, पाणी मारलं की तो फुलून विरी जातो. प्रवाळ तोच चुना पाण्यातून परत घेतात आणि त्याचा पुन्हा शिंपल्याच्याच जातीचा दगड करतात. आजीच्या पानाच्या डब्यातला चुना आणि माझ्या टाकीतला दगड एकाच घराण्यातले आहेत, हे मला अजून फार आवडतं.

कृती अशी. १ लिटर आरओ पाण्याला दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याहून जास्त घातलं तर विरघळत नाही, तळाशी बसतं. मी काकड्यांचं लोणचं घालायला इथे किराण्यात मिळतो तो खाद्य चुना घेते. पानाच्या चुन्यात आणखी काय असेल याची खात्री नसते. झाकण घट्ट लावा. उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर साय धरते. ती साय म्हणजे पुन्हा कार्बोनेटच. जेवढी साय आली तेवढी निवळी फुकट गेली. तळाचा गाळ टाकीत जाऊ देऊ नका.

निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे घाला, लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा आणि टाकीत थेंबथेंबच घाला. ग्लासभर एकदम ओतली तर पीएच उसळतो आणि जनावरं मरतात. रात्री सोडणं उत्तम, कारण दिवे गेल्यावर टाकीचा पीएच आपसूक उतरतो आणि निवळी त्याला सावरते.

या निवळीच्या १ लिटरने १०० लिटर पाण्याची अल्क साधारण १.१ डीकेएचने वाढते, कॅल्शियमही त्याच प्रमाणात. माझ्या ०.६ च्या खपाला जवळपास १.४ लिटर लागते. मर्यादा एकच: जेवढं पाणी उडून जातं तेवढीच निवळी घालता येते. हिवाळ्यात घर तापवलेलं असतं, हवा कोरडी, रोज ३ लिटर उडतं, तेव्हा सगळा खप निवळीवर भागतो. दमट जुलैमध्ये लिटरभर उडतं, मग उरलेलं बाटल्यांतून. निवळीत मॅग्नेशियम मात्र नसतं, ते वेगळं बघावं लागतं.

तुटवडा भरून काढताना

रोजचा खप आणि एकदाची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाईसाठी १०० लिटरमागे हे लक्षात ठेवा: १ डीकेएच अल्कला ३ ग्रॅम खायचा सोडा, १० पीपीएम कॅल्शियमला ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, १० पीपीएम मॅग्नेशियमला ८.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. इप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते १० पीपीएमला १० ग्रॅम लागतं. थोडं चालतं, पण मोठा खड्डा एकट्या इप्समने भरू नका, सल्फेट वाढत जातं.

मला १२२० वरून १३५० वर जायचं होतं. १३० पीपीएम, २६० लिटर: ८.४ गुणिले १३ गुणिले २.६, म्हणजे २८४ ग्रॅम. चार दिवसांत ७१-७१ ग्रॅम, बादलीत विरघळवून, सम्पमध्ये हळूहळू. चौथ्या दिवसानंतर अल्क पहिल्यांदा रात्री होती तिथेच सकाळी दिसली. सोडा न वाढवता.

मॅग्नेशियम दिवसाला ५० पीपीएमने चढवलं तरी प्रवाळ कुरकुरत नाहीत. कॅल्शियम २० ने चढवा. अल्कला मात्र घाई अजिबात चालत नाही, दिवसाला अर्धा डीकेएच. हे मी एका मॉन्टिपोरा जातीच्या प्रवाळाच्या जिवावर शिकले. त्याच जानेवारीत एका रात्री अल्क ७ वरून १०.५ वर नेली. चौथ्या दिवशी पानासारख्या पसरलेल्या त्याच्या जांभळ्या कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ दिसली. वाढीची कड पांढुरकी असतेच, म्हणून मी आनंदले. दुसऱ्या दिवशी रेघ करंगळीएवढी झाली होती आणि भिंगातून बघितलं तर तिच्यावर एकही पॉलिप (प्रवाळातला इवलासा जीव) नव्हता. कातडं उतरून खालचा सांगाडा उघडा पडला होता. वाढीच्या पांढऱ्या कडेवर पातळ, ओलसर चकाकी असते. मेलेली पांढरी कड खडूसारखी कोरडी दिसते. हा फरक डोळ्याला लावून घ्या. निम्मं मॉन्टिपोरा गेलं, उरलेलं आज पुन्हा तळव्याएवढं आहे.

कॅल्शियम जास्त आणि अल्क कमी झाली असेल तर कॅल्शियम बाहेर काढायच्या खटपटीत पडू नका. कॅल्शियमची बाटली थांबवा, अल्क सावकाश जागेवर आणा, दोन-तीन वेळा पाणी बदला. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात कमी असतील तर गुन्हेगार खारटपणाच.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. भारतात सगळे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासोबत. समुद्रातून काढलेला तुकडा कुणी ठाण्यात किंवा पुण्यात विकायला आणला तर घेऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. ते तिथेच राहू द्या. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांनाही खारटपणा आणि अल्क मोजावीच लागते, हिशेब तोच आहे.

आणि हीटरवरच्या त्या थराचं काय करायचं: प्लग काढा, हीटर पूर्ण गार होऊ द्या. एक भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग पाणी, बादलीत हीटर आणि पंप बुडवून ठेवा. लगेच बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. हीटरची वायर आणि नियंत्रकाचं टोक पाण्याबाहेर ठेवा. पंप बादलीतच तासभर चालवला तर रोटरच्या आतलाही थर सुटतो. बुडबुडे थांबले की जुन्या टूथब्रशने घासा, दोनदा साध्या पाण्यात धुवा आणि मगच परत लावा. मी दर तीन महिन्यांनी करते. थर किती जाड आला होता तेही वहीत लिहिते, अल्कच्या आकड्यांशेजारी.